शंभर रुपयांतले सत्तर पैसे

मे २०२१ च्या अखेरीस केनियाचे भारतातले उच्चायुक्त दिल्लीहून मुंबईला आले आणि त्यांनी रेड क्रॉसच्या महाराष्ट्र शाखेकडे बारा टन सामान सुपूर्द केलं. चहा, कॉफी आणि शेंगदाणे. तासन्‌तास राबणाऱ्या डॉक्टर-नर्सना, कर्मचाऱ्यांना घटकाभर तरतरी यावी, एवढाच हेतू. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळे ऑक्सिजन सिलिंडर आणि रेमडेसिव्हिरच्या शोधात वणवण करून थकलेले होते. त्यामुळे काहींनी या बातमीची खिल्ली उडवली, काहींनी ‘भारतावर ही वेळ आली’ म्हणून कपाळाला हात लावला. मार्चच्या सुरुवातीला नैरोबीच्या विमानतळावर कोविशील्डचे दहा लाखांहून अधिक डोस उतरले होते आणि ते पुण्यात बनलेले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात होतं. पाठोपाठ भारताने आणखी एक लाख डोस केनियाला भेट म्हणून दिले होते.

त्याच महिन्यांत लंडनमध्ये वेगळंच चाललं होतं. जगातल्या सर्वात मोठ्या दात्यांपैकी एक असलेला ब्रिटन आपल्या परकीय मदतीला कात्री लावत होता. कात्री कशावर चालवायची, याच्या याद्या तयार होत होत्या.

जगभर साथ पसरते तेव्हा गरज सगळीकडे एकदम वाढते. मग देणाऱ्या देशांचे हात सैल होतात की आखडतात? उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण एकूण आकडा एक सांगतो आणि त्याच्या पोटातली विभागणी भलतंच सांगते. ब्रिटनच्या उदाहरणात हे फार स्वच्छ दिसतं, म्हणून मुक्काम तिथेच जास्त करू. मधे पुण्याला यावं लागेल, कारण ही गोष्ट पुण्यातून गेल्याशिवाय पुरी होत नाही.

आधी ‘परकीय मदत’ म्हणजे नेमकं काय ते पाहू. पॅरिसमध्ये श्रीमंत देशांची ओईसीडी नावाची संघटना आहे आणि तिची एक विकास साहाय्य समिती आहे. मदत कशाला म्हणायचं याचे नियम ही समिती ठरवते. गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशाच्या विकासासाठी सरकारी तिजोरीतून दिलेलं अनुदान, किंवा बाजारापेक्षा बऱ्याच सवलतीच्या अटींवर दिलेलं कर्ज, हे मदतीत धरतात. तोफा-बंदुका धरत नाहीत. धंदेवाईक दराचं कर्जही धरत नाहीत. हिशेब कॅलेंडर वर्षाचा, जानेवारी ते डिसेंबर. हा तपशील रुक्ष वाटेल, पण पुढे यानेच घोळ घातला.

किती द्यायचं, याचाही एक आकडा आहे. कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९६९ मध्ये सुचवलं की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदतीसाठी द्यावी. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते उद्दिष्ट म्हणून मान्य केलं. म्हणजे शंभर रुपये कमावले तर सत्तर पैसे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हे सत्तर पैसे नियमाने देणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले: स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशी मंडळी. ब्रिटनने २०१३ मध्ये हा टप्पा गाठला. जी-सेव्हन देशांत तो पहिला. २०१५ मध्ये तर त्याने ०.७ टक्क्याचा कायदाच केला.

टक्केवारीचा नियम चांगला वाटतो. राजकारण्यांच्या लहरीवर रक्कम अवलंबून राहत नाही, देशाची कमाई वाढली की मदत आपोआप वाढते. पण हाच नियम उलटाही चालतो. कमाई घटली की मदत आपोआप घटते, त्यासाठी कुणी कंजूष व्हायची गरज नसते. आणि जगभरच्या साथीत तर देणाऱ्याची कमाई नेमकी त्याच वर्षी घटते, ज्या वर्षी घेणाऱ्याची गरज सर्वात जास्त असते. एकट्या देशावर भूकंप किंवा दुष्काळ आला तर बाकीचे देश धडधाकट असतात आणि धावून येतात. साथीत सगळेच अंथरुणावर.

२०२० मध्ये ब्रिटनची अर्थव्यवस्था सुमारे दहा टक्क्यांनी आकसली. तिथल्या जाणकारांनी तीनशे वर्षांतली सर्वात मोठी घसरण असं तिचं वर्णन केलं. २०१९ मध्ये ब्रिटनने सुमारे १,५२० कोटी पौंड मदत दिली होती. आता शंभर रुपयेच कमी झाले, तर सत्तर पैसेही कमी होणार. पण किती कमी? इथे कॅलेंडर वर्षाचा तो रुक्ष नियम आडवा आला. डिसेंबर संपेपर्यंत राष्ट्रीय उत्पन्न नक्की किती झालं ते कळत नाही आणि खर्च मात्र डिसेंबरच्या आतच बरोबर ०.७ टक्क्यावर आणून बसवायचा. ताट समोर नाही आणि मीठ मोजून घालायचं, असा प्रकार. सरकारने सर्वात वाईट अंदाज धरला आणि जुलै २०२० मध्ये त्या वर्षासाठी ठरवलेल्या खर्चातून २९० कोटी पौंडांपर्यंत कपात जाहीर केली. वर्ष संपल्यावर हिशेब लागला, तेव्हा प्रत्यक्ष मदत सुमारे १,४५० कोटी पौंड निघाली. २०१९ पेक्षा घट फक्त सत्तर कोटींच्या आसपास. बाकीची कपात भीतीपोटी झालेली. कार्यक्रम मात्र मधल्या काळात थांबवले गेले, पुढे ढकलले गेले. मदतीच्या क्षेत्रात असं थांबणं महाग पडतं. दवाखाना सहा महिने बंद ठेवून परत उघडता येतो, पण तिथली प्रशिक्षित नर्स तोवर दुसरीकडे गेलेली असते.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक बदल झाला, जो पैशांच्या हिशेबात दिसत नाही. मदतीचं काम पाहणारं ब्रिटनचं स्वतंत्र खातं १९९७ पासून होतं. त्याचा जगभर दबदबा होता. जून २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ते परराष्ट्र खात्यात विलीन करण्याची घोषणा केली आणि सप्टेंबरपासून ते झालंही. ब्रिटिश हितसंबंधांचा काही विचार न करता पैसे देत सुटणारं आकाशातलं भलंमोठं एटीएम, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तेव्हा मदतीबद्दल वापरले. ऐन साथीत खात्याची मोडतोड करून नवी घडी बसवण्यात अधिकाऱ्यांचे महिने गेले, ही टीका तेव्हाही झाली आणि मला ती रास्त वाटते. पण जॉन्सन यांच्या त्या वाक्यामागचा विचार नीट ऐकून ठेवायला हवा, कारण साथीत जवळपास प्रत्येक दाता देश हाच प्रश्न विचारू लागला: यात आपलं काय?

मग २५ नोव्हेंबर २०२० रोजी अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी संसदेत सांगितलं की पुढच्या वर्षापासून ०.७ ऐवजी ०.५ टक्केच देऊ. तात्पुरतं. घरात आणीबाणी असताना जुना आकडा लोकांपुढे समर्थनीय ठरवणं अवघड आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आधी पोटोबा, मग विठोबा. जनमत चाचण्यांत बहुसंख्य ब्रिटिश लोक त्यांच्याच बाजूने होते, हेही खरं. परराष्ट्र खात्यातल्या राज्यमंत्री लिझ सग यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. शंभर रुपये कमी झाल्याने सत्तर पैसे कमी होणं ही पहिली कपात, ती गणिताने झाली. सत्तर पैशांचे पन्नास पैसे करणं ही दुसरी, ती माणसांनी ठरवून केली. दुसरीतून वर्षाला सुमारे ४०० कोटी पौंड वाचणार होते. त्या वर्षी सरकार साथीपायी जे कर्ज काढणार होतं त्याचा अंदाज होता ३९,४०० कोटी पौंड. वाचवलेली रक्कम म्हणजे कर्जाचा शंभरावा हिस्सा. ब्रिटिश तिजोरीच्या दृष्टीने किरकोळ. ज्यांच्या हातून ती गेली त्यांच्यासाठी तशी नव्हती.

२०२१ मध्ये ब्रिटनची मदत सुमारे १,१४० कोटी पौंडांवर आली. दोन वर्षांत पाव हिस्सा गेला. आता कुणालाही वाटेल की प्रत्येक कार्यक्रमाचा पाव हिस्सा कापला गेला असेल. तसं झालं नाही. कसं झालं ते समजायला मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा हिशेब डोळ्यासमोर आणा. पगार पाव हिस्स्याने कमी झाला तर घराचा हप्ता पाव हिस्स्याने कमी होत नाही. विम्याचा हप्ता होत नाही, सोसायटीचा मेंटेनन्स होत नाही. मग सगळा भार कशावर पडतो? भाजी, दूध, मुलांची शिकवणी, आईचे गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जाणं. जे लवचीक आहे तेच मरतं.

ब्रिटनच्या मदतीतही असेच हप्ते होते. जागतिक बँकेला दिलेली वचनं होती. लशींसाठी काम करणाऱ्या गावी या संस्थेला पाच वर्षांत १६५ कोटी पौंड देण्याचं वचन तर जून २०२० मध्ये लंडननेच भरवलेल्या परिषदेत दिलेलं होतं. साथीवरच्या खर्चाला हात लावणं शक्य नव्हतं. मग जिथे करार संपत आले होते, जिथे वर्षागणिक मंजुरी लागायची, तिथे कुऱ्हाड पडली. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीकडून गरीब देशांना गर्भनिरोधकं आणि बाळंतपणाची औषधं जातात. त्या कार्यक्रमाला ब्रिटनकडून १५.४ कोटी पौंड अपेक्षित होते, ठरले २.३ कोटी. पंच्याऐंशी टक्के कपात. या पैशांतून सुमारे अडीच लाख माता-बालमृत्यू आणि १ कोटी ४६ लाख नको असलेल्या गर्भधारणा टळायला मदत झाली असती, असं त्या संस्थेने सांगितलं. संस्था आपलं दुःख मोठं करून सांगतातच, असं म्हणणारे भेटतील. समजा आकडा निम्मा धरला, तरी तो स्वस्थ बसू देत नाही.

एड्सविरोधी कामाच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला दीड कोटी पौंडांऐवजी २५ लाख. येमेनमध्ये युद्ध आणि उपासमार एकत्र नांदत होती, तिथे आदल्या वर्षीचं १६ कोटींचं वचन ८.७ कोटींवर आलं. पोलिओ निर्मूलनाच्या जागतिक मोहिमेला १० कोटींच्या जागी ५० लाख, म्हणजे पंच्याण्णव टक्के कपात. पोलिओच्या मोहिमा २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने काही महिने थांबलेल्याच होत्या. त्यात हा तेरावा महिना. पुढे जून २०२२ मध्ये लंडनच्याच सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडल्याचं ब्रिटिश आरोग्य यंत्रणेने जाहीर केलं. या दोन गोष्टींत थेट कार्यकारणभाव जोडणं चुकीचं ठरेल. तो विषाणू लशीतून उद्भवलेल्या प्रकारचा होता आणि कुठून आला याच्या वाटा अनेक असतात. पण रोग पासपोर्ट दाखवून येत नाहीत हे ज्या देशाने दोन वर्षं घरात कोंडून घेऊन शिकलं, त्याने पोलिओचा पैसा कापावा याची गंमत वाटते. कडवट गंमत.

साथीत मदत कशी सरकते, त्याचा गाभा मला इथे दिसतो. एकाच वेळी ती आकसते आणि एका जागी गोळाही होते. नवा रोग, नवी लस, ज्याचं नाव रोज बातम्यांत आहे, तिकडे पैसा धावतो. कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेसाठी ब्रिटनने ५४.८ कोटी पौंड दिले, तेही कपातीच्याच काळात. उदारपणा नव्हता असं कुणी म्हणू नये. पण तो पैसा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिसणाऱ्या रोगासाठी होता. मलेरिया, बाळंतपण, हत्तीरोग यांना पहिलं पान मिळत नाही.

सगळ्या देशांनी ब्रिटनसारखं केलं का? नाही, आणि हे आवर्जून सांगायला हवं. ओईसीडीच्या त्या समितीतल्या देशांची एकूण मदत २०२० मध्ये घटली नाही, महागाई वजा जाता ती साडेतीन टक्क्यांनी वाढली. जर्मनीने त्या वर्षी ०.७३ टक्के दिले. २०२१ मध्ये एकूण मदत पुन्हा वाढली. म्हणजे साथ आली की दाते पळ काढतात हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. एकाच संकटात जर्मनीने वर जायचं ठरवलं आणि ब्रिटनने खाली यायचं, तेव्हा ते संकटाने ठरवलं असं म्हणता येत नाही.

फक्त या वाढीच्या पोटात काय होतं तेही पाहिलं पाहिजे. २०२१ या वर्षाच्या प्राथमिक हिशेबानुसार गरीब देशांना लशी पुरवण्यावर दात्यांनी ६३० कोटी डॉलर खर्च दाखवला, सुमारे ८५.७ कोटी डोस. त्यांतले सुमारे ३५.७ कोटी डोस देशांनी आपल्या लोकांसाठी विकत घेतलेले आणि नंतर जास्तीचे ठरलेले होते. त्यांची किंमत मदतीत धरली गेली २३० कोटी डॉलर. दर कसा लावला? समितीने शिफारस केली, डोसला ६.७२ डॉलर. निरनिराळ्या लशींच्या किमतींची ती सरासरी. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने गावी आणि गेट्स फाउंडेशनबरोबर ऑगस्ट २०२० मध्ये जो करार केला, त्यात गरीब देशांसाठी डोसची किंमत जास्तीत जास्त तीन डॉलर ठरली होती. म्हणजे त्याच प्रकारच्या लशीचा डोस श्रीमंत देशाच्या फ्रिजमधून निघाला की शिफारशीप्रमाणे मदतीच्या वहीत दुपटीहून अधिक किमतीने नोंदवता येत होता.

यात बेकायदा काही नव्हतं. पण विचार करा: एखाद्याने लग्नासाठी पाचशे पानांचा स्वयंपाक केला, दोनशे पानं उरली, रात्री उशिरा ती वस्तीत वाटली आणि सकाळी वहीत लिहिलं, ‘अन्नदान, दोनशे पानं, हॉटेलच्या दराने.’ वाटलं हे चांगलंच झालं. पण तो स्वयंपाक वस्तीसाठी केला नव्हता. शिवाय उशिराचं अन्न आंबतं. लशींचंही तेच झालं. डिसेंबर २०२१ या एकाच महिन्यात गरीब देशांनी मुदत संपत आलेले दहा कोटींहून अधिक डोस नाकारले, असं युनिसेफने सांगितलं. त्याच महिन्यात नायजेरियाने अबुजामध्ये मुदत संपलेले दहा लाखांहून अधिक डोस नष्ट केले. तिथल्या लोकांना लस नको होती असा त्याचा अर्थ लावणारे लेख तेव्हा वाचले होते. डोस हातात पडल्यावर ते खेड्यापर्यंत न्यायला किती आठवडे उरले होते, ते त्या लेखांत नव्हतं.

आता पुणे. भारताला आपण मदत घेणारा देश समजतो, पण शेजारच्या देशांना आणि आफ्रिकेला भारत कित्येक दशकं मदत देत आला आहे. प्रशिक्षणाचा ‘आयटेक’ कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, आणि भारताच्या मदतीचा सर्वात मोठा वाटा बहुतेक वर्षी भूतानला जातो. साथीत भारताकडे एक गोष्ट होती जी ब्रिटनच्या पैशांत नव्हती: कारखाने. २० जानेवारी २०२१ रोजी ‘व्हॅक्सिन मैत्री’ सुरू झाली. भूतानला दीड लाख डोस, मालदीवला एक लाख. लगेच नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, सेशेल्स. ब्राझीलला वीस लाख डोस विकत गेले, तरी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी द्रोणागिरी उचलून नेणाऱ्या हनुमानाचं चित्र टाकून आभार मानले. २४ फेब्रुवारीला घानाच्या आक्रा विमानतळावर कोव्हॅक्सचे जगातले पहिले सहा लाख डोस उतरले, तेही पुण्याचेच.

या निर्यातीचा हिशेब अनेकदा चुकीचा सांगितला जातो, दोन्ही बाजूंनी. साठा बाहेर जाणं थांबेपर्यंत सुमारे ६ कोटी ६४ लाख डोस पंच्याण्णव देशांत गेले. त्यांतले भेट म्हणून दिलेले सुमारे १ कोटी ७ लाख. म्हणजे सहा डोसांमागे जेमतेम एक. कोव्हॅक्समधून गेलेले जवळपास २ कोटी आणि उरलेले सुमारे ३ कोटी ५८ लाख चक्क विक्री. त्यामुळे ‘भारताने जगाला फुकट लस वाटली’ हेही खरं नाही आणि ‘आपल्या तोंडचा घास काढून दान केला’ हेही पुरतं खरं नाही. गंमत अशी की विकत घेणाऱ्यांत खुद्द ब्रिटन होता. त्याच्या मागणीतले एक कोटी डोस पुण्यातून जायचे होते. मार्चमध्ये पन्नास लाख गेले आणि उरलेले अडकले.

अडकले कारण तोवर विदर्भातून सुरू झालेली दुसरी लाट महाराष्ट्रभर पसरली होती. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की तीन दिवस पुरेल एवढाच साठा उरलाय. पुण्यासह अनेक ठिकाणची लसीकरण केंद्रं बंद पडली. आड पुण्यात, आणि पुण्याच्याच पोहऱ्यात थेंब नाही. अशा वेळी निर्यात चालू ठेवणं कोणत्याही सरकारला शक्य नव्हतं, आणि मलाही त्या आठवड्यात ती चालू राहावी असं वाटलं नव्हतं. देशातल्या नव्या रुग्णांचा आकडा ६ मेच्या सुमारास दिवसाला चार लाखांवर गेला.

पण नळ बंद झाला तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं? कोव्हॅक्सने आपली बहुतेक मदार एकाच कारखान्यावर ठेवली होती. मेअखेर चौदा कोटी डोसांची आणि जूनअखेर एकोणीस कोटींची तूट पडेल, असा युनिसेफचा हिशेब होता. नेपाळमध्ये कोविशील्डचा पहिला डोस घेतलेले सुमारे चौदा लाख वयस्कर लोक दुसऱ्याची वाट पाहत राहिले. तिथे चीनची सायनोफार्म लस आली, पण पहिला डोस एका लशीचा आणि दुसरा दुसरीचा द्यायची तेव्हा सोय नव्हती. ऑगस्टमध्ये जपानने सोळा लाख डोस दिले तेव्हा कुठे त्यांची पाळी लागली. भारतातून कोव्हॅक्सला पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबरअखेर.

पैशाची मदत आटते तेव्हा निदान कागदावर दिसते, संसदेत प्रश्न विचारता येतो. वस्तूची मदत थांबते तेव्हा ‘निर्यात बंदी’ असा शब्दही कुणी उच्चारत नाही. फक्त विमान येत नाही.

आणि मग वारं फिरलं. २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने आपत्तीत परदेशी सरकारांची मदत न घेण्याचं धोरण ठेवलं होतं. २०१८ मध्ये केरळच्या महापुरातही ते पाळलं. एप्रिल २०२१ मध्ये ते बाजूला ठेवावं लागलं. चाळीसहून अधिक देशांकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, व्हेंटिलेटर, औषधं येऊ लागली. २७ एप्रिलला दिल्लीत उतरलेल्या पहिल्या खेपांपैकी एक ब्रिटनची होती: शंभर व्हेंटिलेटर आणि पंच्याण्णव कॉन्सन्ट्रेटर. साडेसात लाख वस्तीच्या भूतानने सीमेलगतच्या नव्या प्लांटमधून आसामला रोज चाळीस टन द्रवरूप ऑक्सिजन देऊ केला. त्याच भूतानने भारताच्या साडेपाच लाख डोसांवर मार्च-एप्रिलमध्ये सुमारे दोन आठवड्यांत ९३ टक्के प्रौढांना पहिला डोस टोचला होता. आणि मेअखेर केनियाचा चहा. ‘देणारा’ आणि ‘घेणारा’ या पाट्या साथीच्या चार महिन्यांत दोनदा उलटसुलट झाल्या.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. मदत म्हणजे फक्त नवीन पैसा देणं नाही, जुना पैसा न मागणंही मदतच. जी-ट्वेंटी देशांनी मे २०२० पासून २०२१ अखेरपर्यंत गरीब देशांचे कर्जाचे हप्ते पुढे ढकलले. त्र्याहत्तर पात्र देशांपैकी अठ्ठेचाळीस देशांनी त्याचा लाभ घेतला, सुमारे १,२९० कोटी डॉलरचा. हप्ते माफ झाले नव्हते, लांबणीवर पडले होते. शेतकऱ्याला कर्जमाफी आणि कर्जाचं पुनर्गठन यांतला फरक समजावून सांगायला लागत नाही, तोच हा.

ब्रिटनकडे परत येऊ, कारण ‘तात्पुरतं’ या शब्दाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कपातीवर मतदान घेणं सरकार महिनोन्‌महिने टाळत होतं. २०१५ च्या कायद्यात अशी सोय आहे की आर्थिक अडचणीमुळे ०.७ चुकलं तर संसदेला कारण सांगून चालतं, त्यामुळे सरकारने कायदा बदललाच नाही. सत्ताधारी पक्षातलेच खासदार हट्टाला पेटले, सभापतींनी कान उपटले आणि १३ जुलै २०२१ रोजी मतदान झालं. हयात असलेले पाचही माजी पंतप्रधान कपातीच्या विरोधात बोलले होते. त्यांतल्या थेरेसा मे यांनी तर पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं. सरकार ३३३ विरुद्ध २९८ मतांनी जिंकलं. जिंकण्यासाठी त्याने एक अट पुढे केली होती: रोजच्या खर्चासाठी कर्ज काढावं लागणार नाही आणि देशाच्या डोक्यावरचं कर्ज उत्पन्नाच्या मानाने उतरू लागेल, त्या दिवशी ०.७ परत येईल.

ऐकायला रास्त, पण दोन्ही गोष्टी एकत्र घडणं ब्रिटनच्या अलीकडच्या इतिहासात दुर्मीळच. साथ ओसरली, अर्थव्यवस्था सावरली, सत्तर पैसे मात्र आले नाहीत. उलट २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि पन्नास पैशांच्या आत नवा वाटेकरी बसला. नियम असा आहे की निर्वासित दाता देशात आल्यावर पहिल्या बारा महिन्यांत त्याच्यावर झालेला खर्चही परकीय मदतीत धरता येतो. २०२२ मध्ये ब्रिटनने दिलेल्या सुमारे १,२८० कोटी पौंड ‘परकीय मदती’पैकी सुमारे ३७० कोटी पौंड ब्रिटनच्याच हद्दीत निर्वासितांच्या निवाऱ्यावर, हॉटेलांच्या बिलांवर खर्च झाले. जवळपास २९ टक्के.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाचं सरकार होतं. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी संरक्षण खर्च वाढवण्यासाठी २०२७ पर्यंत मदत ०.३ टक्क्यावर आणण्याचं जाहीर केलं, आणि तीन दिवसांनी त्यांच्या विकासमंत्री अॅनेलीझ डॉड्स यांनी राजीनामा दिला. २०१५ चा तो ०.७ टक्क्याचा कायदा तोवर रद्द झालेला नव्हता.